बाईंनी निवडलेला समुद्र

लोक रिसॉर्ट निवडताना आधी खोलीचे फोटो पाहतात, मग जेवणाचे, मग खिडकीतून समुद्र दिसतो का ते विचारतात. आमच्या बाई सगळ्यात आधी विचारायच्या, "आपकी नाली किधर जाती है?"

पलीकडचा माणूस विचारायचा, "क्या, मॅडम?" मग बाई मोबाइलवर ओणवून, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणायच्या, "नाली, भाऊ, नाली! संडास का पानी, न्हानी का पानी, किचन का पानी. किधर छोडते हो?" मंगरूळपीरला बसस्टँडसमोर माझं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. फोन नेहमी स्पीकरवर, कारण बाईंचा मोबाइल कानाला लावण्यावर विश्वास नव्हता. मेडशीच्या एस.टी.ची वाट पाहणारी मंडळी पिशव्या उचलून हळूहळू माझ्या पायरीवर सरकायची. त्या दिवसांत दुकानात गर्दी भरपूर असे, पण गिऱ्हाईक एकच, आणि तेही निवृत्त झालेलं.

बाई गेल्या हिवाळ्यात वारल्या. आजही कोणी समुद्राकाठचं बुकिंग करायला आलं की माझ्या तोंडून तोच प्रश्न निघतो. गिऱ्हाईक माझ्याकडे असं पाहतं, की याचं डोकं ठिकाणावर आहे का. मी त्याला दोष देत नाही. मीही बाईंकडे तसंच पाहिलं होतं.

बाई आम्हाला हायस्कुलात भूगोल शिकवायच्या. पुस्तक त्या टेबलावर ठेवायच्या, पण ते वाऱ्याने नकाशा उडू नये म्हणून. बाकी त्यांचा तास म्हणजे प्रवास. "तू उठ. मेडशीहून निघाला. टोकियोले जाचं हाये. कशानं जाशीन?" मग मुलाने एस.टी.ने अकोला गाठायचं, तिथून रेल्वे पकडायची, मुंबईत बंदर की विमानतळ ते ठरवायचं आणि वाटेत कोणता समुद्र, कोणता देश, कोणतं पीक लागलं ते सांगत सांगत जायचं. जो चुकीच्या ठिकाणी गाडी बदलायचा त्याने तास संपेपर्यंत त्याच स्टेशनावर, म्हणजे वर्गाच्या दारापाशी, उभं राहायचं. मी भुसावळला फार उभा राहिलो आहे. एकदा तर हेडमास्तरांनी विचारलं, "काय रे, बाहेर काहून उभा?" मी म्हटलं, "सर, गाडी चुकली." पुढे मी हाच धंदा काढला, तर लोक म्हणाले पोराने डोकं लढवलं. माझं कसलं डोकं? त्या दारापाशी उभं राहून राहून मला सगळी जंक्शनं पाठ झाली होती, इतकंच.

प्रवाळाचा धडा आला तेव्हा बाईंनी सगळा वर्ग शाळेमागच्या वारुळापाशी नेला. "हे पाहा. एवढूसे जीव, आन केवढं घर. एक मेला की त्याच्या घरावर दुसऱ्याचं घर, त्याच्यावर तिसऱ्याचं. समुद्रात असंच असते, पण रंगीत. आन त्याच्या आसऱ्यानं हजार जातीचे मासे राह्यतात." आम्ही वारुळाकडे आ वासून पाहत होतो. मला अक्कल कमी आणि तोंड जास्त, म्हणून मी विचारलं, "बाई, तुमी पाह्यलं का?"

बाईंनी वारुळावरची एक काडी उचलून बाजूला टाकली. मग म्हणाल्या, "नाही पाह्यलं. पाहीन."

निवृत्तीचा सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं, आणि त्याच आठवड्यात बाई माझ्या दुकानात येऊन बसल्या. "समुद्राचं तिकीट काढ," म्हणाल्या. मी विचारलं, गोवा का? "वरचा नाही. खालचा." मला वाटलं नकाशातला खालचा, म्हणून मी कन्याकुमारी म्हटलं. तेव्हा त्यांनी उलगडून सांगितलं. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जायचं, ते स्कुबा का काय म्हणतात ते करायचं, आणि प्रवाळ पाहून यायचं. "सारी नोकरी पोरांले सांगत आले, असं असते, तसं असते. खरंच तसं असते का, ते एकदा डोयानं पाह्याचं हाये. नाहीत मी साऱ्या जिंदगीत ऐकीव गोठीच सांगतल्या, असं होईन."

हे बोलताना त्या हसत नव्हत्या. मीही हसलो नाही. साठीला टेकलेली, मेडशीच्या पलीकडच्या खेड्यातली, बिनलग्नाची बाई समुद्राच्या तळाशी जायचं म्हणते, यावर गावाने हसायला हवं होतं आणि गाव हसलंच. बाईंना गावाचं हसणं नवं नव्हतं.

कारण बाईंची एक खोड सगळ्या तालुक्याला माहीत होती. त्या कोणाच्याही घरी गेल्या की पुढच्या दाराने आत शिरून थेट मागच्या दाराने बाहेर पडायच्या. परसात उभं राहून न्हाणीचं पाणी कुठे जातं, भांड्यांचं कुठे जातं, नाली कोणाच्या दारात निघते, हे पाहायच्या आणि मगच येऊन चहाला बसायच्या. माझ्या दुकानाच्या उद्घाटनाला सगळे फुलांच्या माळा पाहत होते, तर बाई मागच्या गल्लीतून पदर नाकाला लावून आल्या आणि म्हणाल्या, "फीत मंग काप. आधी नाली मोकयी कर, शेजाऱ्याच्या उंबऱ्याशी पानी साचलं हाये." पाहुण्यांसमोर मी फावडं हातात घेतलं.

माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हा वडिलांनी बाईंनाच सोबत नेलं. आमच्या नात्यागोत्यात शिकलेलं माणूस नव्हतं. बाई बौद्ध, आम्ही कुणबी. दोन-चार भुवया वर गेल्या. वडील म्हणाले, "माह्या पोराले ज्यानं शहाणं केलं, त्यानं सून पाह्यली त काय बिघडलं?" तिकडे कांदेपोहे आले, मुलगी आली, नाव विचारून झालं, आणि बाई गायब. मुलीकडचे एकमेकांकडे बघायला लागले. थोड्या वेळाने बाई परसातून आल्या आणि वडिलांना सर्वांदेखत म्हणाल्या, "करा हे घर. न्हाणीचं पानी केयीले जाते." असा माझा संसार केळीच्या खुंटावर ठरला. बायको आजही भांडणात हे काढते, "मले तुमी पसंत नाही केलं, आमच्या केयीनं पसंत केलं." खरं सांगायचं तर बाईंची ती निवड इतकी नेमकी निघाली की मी त्या केळीचा जन्मभराचा ऋणी आहे.

एकदा मी विचारलंच, की बाई, ही नाली तुमच्या डोक्यात शिरली कुठून? त्या दिवशी दुकानात कोणी नव्हतं. बाई काउंटरवरची धूळ पदराने पुसत म्हणाल्या, "आमचं घर गावाच्या खालच्या अंगाले होतं. आमच्या लोकांले तठीच जागा असे. साऱ्या गावाची नाली आमच्या दारात. माय सकायी उठून आधी दुसऱ्यांचं पानी वाटे लावे, मंग चूल पेटवे. वरच्याले वाटते, पानी गेलं. पानी जात नाही रे बापू. कोनाच्या तरी दारात जाते." मग पदर झटकून म्हणाल्या, "समुद्राचं घर साऱ्यात खाली हाये."

त्यानंतर मी त्यांच्या फोनवर कधी कपाळाला हात लावला नाही. म्हणजे, कमी लावला.

कारण फोन होतेच तसे. अंदमानच्या एका मोठ्या रिसॉर्टचा मॅनेजर साखरेत घोळून बोलायचा. "मॅडम, हम पूरे इको-फ्रेंडली हैं. स्ट्रॉ कागज की, चाबी लकडी की, टॉवेल रोज धोने का जबरदस्ती नहीं."

"टॉवेल मैं घर से लाऊंगी," बाई म्हणाल्या. "नाली का बोलो."

"मॅडम, उसका सिस्टम है."

"कैसी सिस्टम?"

"मॅडम, बहुत अच्छी सिस्टम है."

बाईंनी ठेवणीतला प्रश्न काढला. "बारिश के बाद आपके सामने का समुंदर कौन से रंग का होता है?"

"नीला, मॅडम! बारा महीने नीला!"

बाईंनी फोन ठेवला. "खोटारडा हाये," त्यांनी जाहीर केलं. पायरीवरचे लोक माना डोलवायला लागले. मला अजून उजेड पडला नव्हता. तेव्हा बाईंनी रिसॉर्टचा फोटो माझ्याच स्क्रीनवर पुन्हा उघडायला लावला. डोंगर कापून टप्प्याटप्प्याने खोल्या बांधलेल्या, वर मोठा पोहण्याचा तलाव, खाली लगेच समुद्र. "हा डोंगर उकरला. ते माती पावसात कुठी जाते? वर जाते का?"

"खाली जाते, बाई," पायरीवरून एक म्हातारा म्हणाला. त्याच्या हातात पिशवी आणि डोक्यावर टोपी होती. समुद्र त्याने आयुष्यात पाहिला नसणार. पण धुरा, म्हणजे बांध, फुटला की वावरातली माती नाल्यात जाते आणि नाल्याचं पाणी चहासारखं होतं, हे वाशीम जिल्ह्यात कोणाला शिकवावं लागत नाही. "पानी पडल्यावर गढूळ होत नाही, असं सांगनारा एक त आंधया, नाहीत लबाड," म्हातारा म्हणाला. बाईंनी त्याला शाबासकी दिली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ते माती वर बसली की ते बारके जीव गुदमरून मरतात. वारुयावर माती टाकून पाह्य, कोन जगते?"

दुसऱ्या एकाने मोठ्या हौसेने सांगितलं, की आमच्याकडे माशांना हाताने पाव खाऊ घालता येतो, आणि प्रवाळावर उभं राहून फोटोही काढून देतो. बाईंचं हिंदी तिथे संपलं. "तुया लेकराच्या पायण्यावर उभी राहून काढू का रे फोटो?" असं त्याला अस्सल वऱ्हाडीत विचारून त्यांनी फोन कापला. तिसऱ्याला त्यांनी विचारलं, नाव थांबवताना लंगर टाकता का? तो म्हणाला, हो, मजबूत लोखंडी लंगर, अजिबात काळजी करू नका. बाई मला म्हणाल्या, "संत्र्याच्या कलमाले बैल बांधन का कोनी?" अशी एकेक रिसॉर्ट त्यांनी नापास केली. माझ्या तर नाकी नऊ आले. मी म्हटलं, "बाई, आपल्याले सुट्टीवर जाचं हाये, का सोयरीक कराची हाये?" बाई म्हणाल्या, "कोनाच्या घरी राह्याले जाऊन त्याचं घर मोडून येत असतात का?"

शेवटी अंदमानातल्याच एका लहान बेटावरच्या लहानशा जागेचा नंबर लागला. फोन एका बाईने उचलला. मागे भांड्यांचा आवाज येत होता. नालीचा प्रश्न ऐकून ती हसली नाही, गोंधळलीही नाही. "पहले एक टंकी में जाता है दीदी, फिर दूसरी में, फिर केले में."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बायकोच्या माहेरची आठवण काढून मान खाली घातली.

"आन बारिश के बाद समुंदर?"

"मटमैला हो जाता है, दीदी. ऊपर रस्ते का काम चालू है. तब हम किसी को नीचे नहीं ले जाते. आप बारिश में मत आना." मग तिने आपणहून सांगायला सुरुवात केली. पोहण्याचा तलाव नाही. एसी नाही. बेटावर गोडं पाणी थोडं, अंघोळीला बादलीभरच मिळेल. नाव पाण्यात तरंगणाऱ्या पिंपाला बांधतो, लंगर टाकत नाही. प्रवाळाला हात लावलेला माझ्या भावाला चालत नाही. तोच खाली घेऊन जातो, आणि तो रागीट आहे.

"बादलीभर?" बाई म्हणाल्या. "हमारे यहाँ भी उतनाच मिलता है." आणि फोनवर हात ठेवून, सोयरीक ठरवतानाच्या त्याच आवाजात मला म्हणाल्या, "कर हे घर."

तिकडून ती विचारत होती, एकट्या येणार का? पाण्यात जोडीने उतरलेलं बरं. "जोडीदार हाये," बाई म्हणाल्या, आणि मला न विचारता माझ्याकडे बोट दाखवलं.

मला पोहता येत नव्हतं. मी गुडघाभर पाण्यात देव आठवणारा माणूस. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, की आता तूच काही तरी निमित्त काढ. ती म्हणाली, "बाई आपल्यासाठी आल्या होत्या का नाही परसात? मंग तुमीही जा त्यांच्यासाठी." आलिया भोगासी म्हणून मी गप्प बसलो.

बाईंच्या वडिलांनी शेवटी स्वतःच्या वावरात स्वतःची विहीर खोदली होती. गावच्या विहिरीवर ज्यांना घागर बुडवू दिली नव्हती, त्या माणसाने आपल्या मुलीला आपल्या विहिरीत पोहायला शिकवलं. त्याच विहिरीत बाईंनी मला उतरवलं. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधलेला, पोट सुटलेलं, आणि बाई वरून ओरडत, "पाय मार! भुसावयले उभा नको राहू!" महिनाभरात डबा सुटला. एका सकाळी मी पाठीवर काही न बांधता विहिरीच्या या कडेपासून त्या कडेला गेलो, आणि पायरीला धरून लहान मुलासारखा हसलो. त्या वयात कोणी आपल्याला नवं काही शिकवावं, हे भाग्य सगळ्यांना मिळत नाही.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथेच फसलं. विहिरीत उतरायच्या आधी कानात तेल घालून कापसाचा बोळा बसवायचा, म्हणजे कान राहतो, असं आमच्याकडे सगळे मानतात. बाई भूगोलात जगाच्या पुढे, पण कानाच्या बाबतीत मायच्या शब्दाबाहेर नव्हत्या. लसूण जाळलेलं तिळाचं तेल त्या रोज कानात ओतायच्या, वर घट्ट बोळा, आणि घ्या उडी. "समुद्र मोठा हाये, कान तयार पाह्यजे," म्हणायच्या. मला कानात काडी गेलेली सहन होत नाही, म्हणून मी दर वेळी पळ काढला आणि भित्रा ठरलो.

निघताना बाईंनी मला एक गठ्ठा दिला. त्यात माझ्या एकट्यासाठी नव्हे, दोघांसाठी जुने फुल बाह्यांचे शर्ट होते. सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, जाणाऱ्या बाया लुगड्यावर घालतात ना नवऱ्याचे जुने, तसले. "उन्हाचं क्रीम लावाचं नाही. ते पाण्यात उतरते आन प्रवायाले बाधते. वावरातला शर्ट घाला, डोक्याले दुपट्टा बांधा. आपल्या बाया काय क्रीम लावून सोंगतात?" विमानतळावर बाई त्याच शर्टात होत्या. लोक वळून वळून पाहत होते. बाईंना वाटलं शर्ट आवडला असेल.

बेटावर पोचलो तेव्हा ती जागेची मालकीण शहाळी घेऊन दारात उभी होती. बाईंनी तिला नमस्कार केला, आणि तिच्या बाजूने निघून थेट मागे गेल्या. ती बिचारी शहाळं धरून उभी. मी म्हटलं, "थोडा रुकिए, ये उनका पूजा है." बाई केळीच्या झाडांमधून परतल्या तेव्हा पाय चिखलाने भरलेले आणि चेहरा असा, की कोणी माहेरचं भेटलं. "अब चाय दो," म्हणाल्या. त्या संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात बसून बोलत होत्या. एक बंगालीतून हिंदीत, एक वऱ्हाडीतून हिंदीत. भाषा दोघींचीही धड नव्हती, पण एकमेकींचं काही अडलं नाही.

सकाळी मालकिणीचा भाऊ आम्हाला काठावरच्या पाण्यात घेऊन बसला. नाक चिमटीत धरून हळूच कानातून हवा ढकलायची, हे पहिलं शिक्षण. खाली गेल्यावर कान दुखू नये म्हणून. मी ढकलली. बाईंनी ढकलली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"कुछ नहीं," बाई म्हणाल्या.

त्या रागीट भावाने काही ऐकलं नाही. त्याने बाईंना तसंच ओल्या कपड्यांत बेटावरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरने कानात बॅटरी धरून पाहिलं. आत तेलाचा आणि विहिरीच्या पाण्याचा लगदा साचून कान सुजला होता, आणि पडद्यालाही भोक होतं. कान किती दिवस दुखतोय, विचारलं, तर बाई दुपट्टा पिळायला लागल्या. मला सांगितलं असतं तर मी प्रवास थांबवला असता, हे त्यांना माहीत होतं. डॉक्टर म्हणाला, खाली जाणं सोडा, कानात पाण्याचा थेंबही जाता कामा नये. पडद्याचं भोक जुनं दिसतं, तेलाने ते चिघळत गेलंय, त्यामुळे पुढेही कधी खाली जायचं नाही.

बाई उठल्या. डॉक्टरला नमस्कार केला. बाहेर येऊन एका नारळाच्या ओंडक्यावर बसल्या आणि दुपट्ट्याने कान बांधायला लागल्या. गाठ बसेना. मी बांधून दिली. साऱ्या जगाला नालीचे प्रश्न विचारून, एवढं घर शोधून, त्या दारापर्यंत पोचल्या होत्या, आणि दार त्यांच्याच तेलाने बंद केलं होतं. मी म्हटलं, "बाई, मीही नाही जात. चला घरी."

"काहून?" त्या म्हणाल्या. "मंग आलो कायले आपन इतक्या दूर? तू जा. दोघांचं पाह्य."

माझी पाचावर धारण बसली. इतके दिवस बाई सोबत आहेत, या एका विश्वासावर मी समुद्र गाठला होता. पण त्यांच्या डोळ्यांकडे पाहून नाही म्हणायची ताकद माझ्यात नव्हती.

दुसऱ्या दिवशी नाव पाण्यातल्या पिंपाला बांधली. बाई नावेत, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत ओढून, कान झाकून. त्या भावाने माझा दंड धरला आणि आम्ही खाली गेलो. आधी मला फक्त माझाच श्वास ऐकू येत होता, भात्यासारखा. मी डोळे मिटून घेतले होते. मग आठवलं, की हे डोळे आज माझ्या एकट्याचे नाहीत, आणि मी ते उघडले.

मी काय पाहिलं ते इथे लिहीत नाही. ते मी ज्यांना सांगायचं त्यांना सांगितलं. एवढंच म्हणतो, की उजव्या हाताला पाहिलं आणि मी भ्यायचंच विसरलो. मग तो मला डाव्या बाजूला घेऊन गेला. तिथे सगळं पांढरं होतं. आकार तेच, फांद्या त्याच, पण चुना फासल्यासारखं, आणि एकही मासा नाही. त्याने हाताने खूण केली: संपलं. मी त्या पांढऱ्यावरून बराच वेळ तरंगत गेलो. ते लवकर सरत नव्हतं.

वर आलो, नावेच्या कडेला धरलं, तोंडातली नळी काढली. बाई वाकून माझ्याकडे पाहत होत्या. कसं वाटलं, भीती वाटली का, काही नाही. "खरं होतं का?" एवढंच विचारलं.

"खरं होतं, बाई," मी धापा टाकत म्हणालो. "तुमी सांगतलं तसंच हाये."

"सारं?"

मी नावेची कड दुसऱ्या हातानेही धरली. दुखरा कान घेऊन बसलेल्या माणसाला काही तरी गोड सांगावं, असं आपल्याला वाटतं. डावी बाजू मी गाळली असती तर त्यांना कधी कळलं नसतं. पण गढूळ पाणी गढूळ सांगितलं, एवढ्याच गुणावर ज्यांनी या घराची निवड केली, त्यांना मी काय निळं सांगणार?

"डावीकडचं मेलं हाये, बाई. पांढरं पडलं. दूरवर."

"पानी गरम हो गया था," तो भाऊ हळूच म्हणाला. "इधर का गलती नहीं, दीदी. बाहर से गरम आया."

बाईंनी पाण्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. समुद्र शांत होता, आणि नाव पिंपाला धरून हळू हलत होती. त्या रडल्या नाहीत. मला वाटलं आता म्हणतील, चला परत.

"आन उजवीकडचं?" त्यांनी विचारलं.

"उजवीकडचं जितं हाये."

बाईंनी हात पुसले, दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि सरळ बसून डोळे मिटले.

"मंग उजवीकडून सुरू कर," त्या म्हणाल्या. "घाई नको करू. पाहून राह्यले मी."